मसीराह: शेवटचे दोनशे मीटर गाडीनं जाऊ नका

ओमानच्या मसीराह बेटावर कासवं बघायला जाणार असाल, तर आधी एवढं ऐका. डांबरी रस्ता संपला की गाडी थांबवा आणि पुढं चाला. भाड्याची गाडी देणाऱ्यानं मला सांगितलं होतं, "अख्ख्या बेटाला डांबरी रस्ता आहे, साधी गाडी आरामात चालते, थेट किनाऱ्यावर उतरते." रस्त्याचं खरं निघालं. किनाऱ्याचं साफ खोटं होतं.

नवतपा चालू असताना नागपूर सोडलं. मुंबईहून मस्कत, तिथून मावसभावाला घेऊन सिनावमार्गे शन्ना धक्का. हे अंतर चांगलंच लांब आहे. शन्नाला गाडीसकट बोटीत चढायचं आणि हिल्फला, म्हणजे बेटावरच्या मुख्य गावात, उतरायचं. पासपोर्ट हाताशी ठेवा, परतीचं तिकीट आधीच काढा, आणि पेट्रोल-पाणी हिल्फमध्येच भरा.

मला काळजी होती उन्हाची, पण उन्हानं काहीच केलं नाही. या दिवसांत तिथल्या समुद्रात खालचं गार पाणी वर येतं, त्यामुळं आपल्याकडच्या पंचेचाळीसपुढं तिथली दुपार सुसह्य वाटते. हाल केले ते वाऱ्यानं. जूनमध्ये नैऋत्येचा वारा सुरू होतो, आणि रेती पिंडऱ्यांवर सुयांसारखी टोचते. हाफ पँट घालून जाऊ नका. दुपट्टा आणि बंद चष्मा हवाच. किनाऱ्यावर तंबू ठोकायचा विचार तर सोडूनच द्या, आमचा पहिल्या तासातच आडवा झाला.

आता ती रात्र. पूर्व किनाऱ्यावर, नऊच्या सुमारास, गाडी रस्त्यावरून खाली घेतली. गाडी फोर बाय फोर नव्हती. शंभरेक मीटर नीट गेली आणि पुढची चाकं बसली. मी गॅस देत राहिलो. भाऊ ओरडून राहिला, "नको देऊ, अजून खाली जाऊन राहिली!" तोवर गाडी पोटावर टेकली होती. शेवटी एक पिकअपवाला आला. त्यानं साठ रियाल मागितले, पंचेचाळीसवर सौदा जमला. आकडा छोटा वाटतो, पण एक रियाल सव्वादोनशे रुपयांच्या आसपास पडतो. दोरी बांधून दहा मिनिटं ओढायचे दहा हजार रुपये! रात्री, वाऱ्यात, अडलेल्या माणसाकडून एवढे घेणं ही लूट आहे, दुसरा शब्द नाही. दुसऱ्या दिवशी एका मासेमाराला सांगितलं तर तो हळहळला. म्हणाला, चाकांतली हवा अठरा पीएसआयपर्यंत उतरवून पुढची रेती उपसली असती तर गाडी आपोआप निघाली असती. म्हणून फावडं, हवेचा मीटर आणि पंप बरोबर ठेवा. हे रस्त्याच्या कडेला फसलात तर. किनाऱ्यावर मात्र उतरूच नका, फोर बाय फोर असली तरी.

मधला दिवस हिल्फमध्ये गेला. मासळी चांगली मिळते.

दुसऱ्या रात्री चालत गेलो. लाल उजेडाची बॅटरी, तीही जमिनीकडं. अर्ध्या तासात ती दिसली, लॉगरहेड जातीच्या कासवाची मादी. आपल्याकडची ऑलिव्ह रिडले कासवं बघितलेल्यांना लॉगरहेड दुप्पट वाटेल: तांबूस पाठ आणि दगडासारखं जड डोकं. आम्ही तिच्या मागं, रेतीवर पालथे पडलो. मागचा पंख वाटीसारखा वळायचा, चिमूटभरही न सांडता ओली रेती वर आणायचा, बाजूला ठेवायचा. मग दुसरा पंख. हातभर खड्डा झाल्यावर ती थांबली आणि अंडी पडू लागली, दोन-दोन, तीन-तीन, चिकट, पांढरी. एका घरट्यात शंभरेक असतात. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते मिठाचं असतं हे मला माहीत आहे, तरी माझेही डोळे भरले. लॉगरहेडच्या जगातल्या सर्वात मोठ्या वसाहतींपैकी एक म्हणजे हे बेट, आणि इथल्या माद्या गेल्या दोनेक दशकांत तीन चतुर्थांशाहून जास्त घटल्या आहेत. फ्लॅश मारू नका, तिच्या पुढं उभे राहू नका. एवढंही जमणार नसेल तर मुख्य भूमीवर रास अल जिंझला जा. तिथं गाईड नेतो आणि हिरवी कासवं दिसतात.

परत जाताना ती आमच्या आदल्या रात्रीच्या चाकोरीपाशी आली. मोठं कासव, ओलांडून गेली. पण पन्नास-साठ दिवसांनी तिची पिल्लं निघतील, हाताच्या तळव्याहून लहान. अशा चाकोरीत पडलेलं पिल्लू समुद्राकडं न जाता तिच्यातच चालत राहतं आणि ऊन चढलं की मरतं.

बोट अकराची होती. पहाटे हिल्फमधून फावडं मागून आणलं आणि दोघांनी ती चाकोरी रस्त्यापर्यंत बुजवली. दीड तास लागला.