हार्ड डिस्क नसलेले लॅपटॉप आणि पेनड्राइव्हवरचा वर्ग

गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्यांनी आमच्या जिल्हा परिषद शाळेला डझनभर लॅपटॉप आणून दिले. आमच्या मुंबई मंडळातले एक काका ज्या कंपनीत आहेत, तिथे जुनी मशीनं बदलली, त्यातले हे. मशीनं दणकट होती, पण एकातही हार्ड डिस्क नव्हती. मोठ्या कंपन्या मशीन बाहेर देताना डिस्क काढूनच घेतात, कारण तिच्यावर ग्राहकांची माहिती असते. त्यामुळे बटण दाबलं की पंखा फिरायचा आणि काळ्या पडद्यावर ‘बूट करायला काही सापडत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ यायची. बहुतेक बॅटऱ्याही मेलेल्या होत्या.

प्रत्येकाला एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची डिस्क, घालायची तर शाळा अनुदान तिथेच संपलं असतं. डिस्क नसली तरी पेनड्राइव्हवरून मशीन चालू करता येतं, आणि पेनड्राइव्ह परवडत होते. मी शाळेत गणित-विज्ञान शिकवतो, लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली घरी बरीच वर्षं वापरतो, म्हणून मुख्याध्यापक बाईंनी ते खोके सरळ माझ्या टेबलावर ठेवले.

पेनड्राइव्हवरून चालणारी शाळा ही कल्पना काही नवीन नाही. २००७ साली रायगडमध्ये कर्जतजवळच्या खैराटच्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या मुलांना स्वस्त लॅपटॉप देण्याच्या योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. त्यांच्यावर ‘शुगर’ नावाची मुलांसाठी बनवलेली प्रणाली होती. पुढे २००९ मध्ये शुगर लॅब्सने तीच ‘शुगर ऑन अ स्टिक’ म्हणून पेनड्राइव्हवर आणली. मुलाने आपली काडी, म्हणजे पेनड्राइव्ह, खिशात ठेवायची, मिळेल त्या मशीनला लावायची आणि आपलं काम पुढे चालू करायचं, अशी ती योजना. मला ती फार आवडते, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच केली. पण शुगरमध्ये फाईल आणि फोल्डर दिसत नाहीत, केलेलं सगळं ‘जर्नल’मध्ये जाऊन बसतं. आमची सहावी-सातवीची मुलं उद्या तालुक्याला एमएससीआयटीला बसतील तेव्हा त्यांच्यासमोर फोल्डरच असणार. पहिली-दुसरीसाठी मी आजही शुगर सुचवेन, मोठ्यांसाठी नाही.

एड्युबंटू ही शाळांसाठीची लिनक्सची आवृत्तीही पाहिली. मध्ये काही वर्षं बंद पडलेला हा प्रकल्प २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला आहे आणि त्यात माल भरपूर आहे. पण चार जीबी रॅमच्या (रॅम म्हणजे मशीन बंद होताच पुसली जाणारी स्मृती) आमच्या मशीनांवर तो धापा टाकत होता. शेवटी एमएक्स लिनक्सवर थांबलो. ते हलकं आहे, डेबियन या लिनक्सच्या जुन्या आवृत्तीवर बेतलेलं आहे, आणि त्यात ‘एमएक्स स्नॅपशॉट’ नावाचं एक साधन आहे. त्याच्यामुळेच माझं काम झालं. एका मशीनवर सगळं हवं तसं लावून घ्यायचं, नको ते काढायचं आणि स्नॅपशॉट चालवायचा. त्या मशीनची जशीच्या तशी नक्कल असलेली, बूट होणारी (म्हणजे तिच्यावरून मशीन चालू करता येईल अशी) एक आयएसओ फाईल तयार होते. त्यात खाती नव्याने सुरू करण्याचा पर्याय असतो, तो निवडायचा, म्हणजे आपला पासवर्ड आणि वायफायची माहिती मुलांच्या हातात जात नाही.

काय घातलं? जीकॉम्प्री, म्हणजे फ्रान्सच्या ब्रुनो कुदुआँने २००० साली सुरू केलेला खेळांचा संच. टक्स पेंट, ज्याचा मेनू मराठीत करता येतो. टक्स मॅथ, ज्यात आकाशातून पडणाऱ्या गणितांची उत्तरं वेळेत द्यावी लागतात. पाढे न म्हणणारी मुलं तिथे पाढे म्हणताना मी ऐकली आहेत! आणि माझ्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाचं म्हणजे फेट. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची ही सिम्युलेशनं पुष्कळशी मराठीत आहेत आणि प्रत्येक सिम्युलेशन एकाच एचटीएमएल फाईलमध्ये उतरवून घेता येतं. नेट नसलं तरी फायरफॉक्समध्ये उघडतं. अपूर्णांक आणि विजेचं सर्किट या दोन फाईलींसाठी तरी प्रत्येक शाळेने हा खटाटोप करावा, असं माझं मत आहे.

काढलं काय, ते जास्त महत्त्वाचं. ऑफिसचा पूर्ण संच, ईमेलचा प्रोग्रॅम, छपाईची साधनं, नको असलेल्या भाषांच्या फाईली असं सगळं काढून आयएसओ दोन जीबीच्या आत आणली. एवढा अट्टहास कशासाठी, ते पुढे सांगतो.

फॉन्टवरून एक संध्याकाळ गेली. पडद्यावर मराठी दिसत होती, पण ल आणि श हिंदी वळणाचे. चौथीच्या बाईंनी मान डोलावली नाही. “सर, मी फळ्यावर एक ल काढणार आणि हे मशीन दुसरा दाखवणार?” त्यांचं बरोबर होतं, आपल्या शासनाने २००९ च्या निर्णयात या दोन अक्षरांचं वळण ठरवून दिलं आहे. डेबियनमध्ये लोहित फॉन्टचं खास मराठी रूप मिळतं, ते टाकून तोच मुख्य फॉन्ट केला. टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली मांडणी) आणि उच्चारानुसार असे दोन्ही कीबोर्ड ठेवले. मुलं उच्चारानुसारचाच वापरतात, कारण त्यांनी तो घरच्या मोबाईलवर पाहिलेला असतो.

आता पेनड्राइव्ह. बाजारातून स्वस्तातले बत्तीस जीबीचे आणले. नवे पेनड्राइव्ह मी ‘एफथ्री’ या साधनाने तपासल्याशिवाय वापरत नाही. ते पूर्ण क्षमतेपर्यंत फाईली लिहितं आणि परत वाचून पाहतं. विंडोजवाल्यांसाठी हेच काम ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ करतं. काही पेनड्राइव्ह सात-आठ जीबीपर्यंत नीट वाचले गेले आणि पुढे नुसता कचरा निघाला. आत कमी क्षमतेची चिप आणि वर बत्तीसचा आकडा सांगणारा कंट्रोलर, हा धंदा जुनाच आहे. दुकानदाराने कुरकुरत ते परत घेतले. नंतर आठ आणि सोळा जीबीचे जरा बऱ्यापैकी घेतले. आम्हाला जागा लागतच नव्हती, वेग लागत होता.

लिहिण्याचं काम त्यामानाने सरळ. आयएसओचं चेकसम, म्हणजे फाईल धड आहे का ते सांगणारा आकडा, जुळवायचं, मग युएसबी हबवर पेनड्राइव्ह ओळीने लावायचे आणि एकाच वेळी सगळ्यांवर आयएसओ उतरवायची. लिनक्समध्ये त्यासाठी ‘डीडी’ आणि ‘टी’ या दोन कमांड पुरतात. कमांडमध्ये डिव्हाइसचं नाव लिहिताना मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं, डीडी काही विचारत नाही, सांगाल ती डिस्क पुसून मोकळी होते. ज्यांना ही भीती वाटते त्यांनी खुशाल एचर हा खिडकी-बटणांचा प्रोग्रॅम वापरावा, ते लिहून झाल्यावर तपासूनही देतं.

खरा प्रश्न पुढचा होता, मुलांचं काम साठवायचं कुठे? बूट होणाऱ्या पेनड्राइव्हवर ‘पर्सिस्टन्स’ ठेवता येतं, म्हणजे केलेले बदल त्याच पेनड्राइव्हवर राहतात. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून कितीदा जाते याचा नेम नाही, बॅटरी मेलेली, म्हणजे वीज गेली की मशीन जागच्या जागी बंद. नेमकं त्याच वेळी पेनड्राइव्हवर लिहिणं चालू असलं तर पुढच्या वेळी तो सुरू होईलच असं नाही. शिवाय फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या आवृत्तीवर बेतलेल्या शुगर ऑन अ स्टिकची नेहमीची पद्धत अशी की पुसलेल्या फाईलीचीही जागा परत मिळत नाही. बदलांसाठी राखलेला भाग हळूहळू भरत जातो आणि भरला की पेनड्राइव्ह अडून बसतो. चाचणीसाठी पर्सिस्टन्स ठेवलेले पेनड्राइव्ह आठवड्यातच वेगवेगळे झाले. एकावर भिंतीचं चित्र बदललेलं, दुसऱ्यावर पॅनेल गायब, तिसरा चालूच होईना. वर्गात बारा मशीनं बारा तऱ्हेची असली की तास दुरुस्तीतच जातो.

म्हणून ठरवलं की पेनड्राइव्हवर काहीही साठवायचं नाही. सगळे पेनड्राइव्ह तंतोतंत सारखे आणि बूट करताना ‘टूरॅम’ हा पर्याय चालू. यात संपूर्ण प्रणाली आधी रॅममध्ये उतरते आणि त्यानंतर पेनड्राइव्ह काढून घेतला तरी मशीन चालत राहतं. आयएसओ दोन जीबीच्या आत बसवण्याचा अट्टहास याचसाठी. चार जीबीतली दोन गेली तरी जीकॉम्प्री किंवा फायरफॉक्समधलं एखादं सिम्युलेशन आरामात चालतं. जुन्या युएसबी दोनच्या पोर्टवर रॅममध्ये उतरायला दीड-दोन मिनिटं लागतात, निळ्या (युएसबी तीनच्या) पोर्टवर त्याच्या निम्म्याहून कमी. मी ओळीने मशीनं चालू करत जातो, शेवटचं लागेपर्यंत पहिल्यातला पेनड्राइव्ह माझ्या खिशात आलेला असतो. मुलांच्या हाती ओढायला, वाकवायला, हरवायला काही उरत नाही. दोन मशीनांत दोनच जीबी रॅम आहे, त्यांना मात्र पेनड्राइव्ह लावूनच ठेवावा लागतो. ती मी माझ्या टेबलाशेजारी ठेवली आहेत.

याची किंमत पहिल्याच आठवड्यात कळली. तासभर खपून काढलेलं गलबत मशीन बंद केल्यावर गेलं, आणि पाचवीतला एकजण रडकुंडीला येऊन विचारू लागला, “सर, माझां चित्र खंय गेलां?” त्याला रॅम म्हणजे काय हे समजावून काही उपयोग नव्हता. उपाय लॅपटॉपच्या कडेलाच सापडला. या जुन्या मशीनांना मेमरी कार्डची खाच आहे. पालक सभेत सांगितलं, घरात जुन्या मोबाईलमधली दोन-चार जीबीची कार्डं पडली असतील तर द्या. बरीच आली. ती अॅडॉप्टरमध्ये घालून खाचेत बसवली, कार्ड आपोआप जोडलं जावं अशी सोय आयएसओतच केली आणि टक्स पेंटला चित्रं तिकडेच ठेवायला सांगितलं. कार्ड बाहेर डोकावत नाही, म्हणून कुणी ओढत नाही. वीज गेली तर फार तर एक फाईल बिघडते, मशीन पुन्हा त्याच अवस्थेत सुरू होतं.

बायोसची, म्हणजे मशीन चालू होताना सर्वांत आधी जागा होणाऱ्या प्रोग्रॅमची, झटापट थोडक्यात सांगतो. बूट मेनूची कळ प्रत्येक कंपनीची वेगळी, डेल आणि लेनोव्होला एफबारा, एचपीला एफनऊ. सिक्युअर बूट (फक्त मान्य केलेलीच प्रणाली चालू होऊ देणारी सोय) बंद केलं, मग बूटच्या क्रमात युएसबीला पहिलं ठेवलं, म्हणजे रोज कळ दाबायला नको. तुमच्या लॅपटॉपमध्ये विंडोज असेल आणि डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप असेल तर सिक्युअर बूटला हात लावण्याआधी रिकव्हरी की काढून ठेवा, नाहीतर विंडोज ती मागत बसेल. एका मशीनच्या बायोसला जुन्या कंपनीचाच पासवर्ड होता. काकांनी मुंबईहून फोनाफोनी करून तो मिळवून दिला. दान घेतानाच हे विचारून ठेवावं.

केंद्रातल्या दुसऱ्या दोन शाळांनीही आमचे पेनड्राइव्ह नेले. तिथे वेगळ्या बनावटीची मशीनं आहेत. बहुतेकांवर एका फटक्यात चाललं, एकावर वायफाय लागलं नाही, पण तिथे नेटच नसल्यामुळे कुणाचं अडलं नाही. त्यांना मी दोनच गोष्टी लिहून दिल्या, मशीन बंद कसं करायचं आणि कार्ड कशासाठी आहे. बाकीचं मुलं शोधतात.

दर जूनला मूळ मशीनवर फायरफॉक्स अद्ययावत करतो, फेटच्या नव्या फाईली उतरवतो, नवा स्नॅपशॉट काढतो आणि सगळे पेनड्राइव्ह परत लिहितो. त्यांच्यावर कुणाचंच काही नसल्यामुळे पुसताना विचार करावा लागत नाही. यंदा शिक्षकदिनापर्यंत सातवीच्या मुलींना हबवरून पेनड्राइव्ह लिहायला शिकवायचा बेत आहे. डीडी नाही, एचर.