मुंजाच्या भरवशावर

रस्ता रुंद करायचा ठरला की आंबा जातो, चिंच जाते, रानबदामाची तर कुणी चौकशीही करत नाही. पिंपळापाशी मात्र काम अडतं. त्याच्यावर मुंजा असतो. जेसीबीवाला आधी नारळ मागतो, मग म्हणतो अमावस्या होऊन जाऊ द्या, आणि शेवटी रस्ताच जरा अंग चोरून पुढे जातो. शहरातली झाडं वाचवायचा कायदा महाराष्ट्रात आला 1975 साली. मुंजा त्याच्या कितीतरी आधीपासून बिनपगारी ड्युटीवर आहे.

आमच्या सोसायटीत ड्रेनेजच्या पाइपाच्या सांध्यातून एक पिंपळ उगवलाय. पाखरांची कृपा. भिंतीला तडा जातोय हे सगळ्यांना दिसतं, पण उपटायचा कुणी? प्लंबर म्हणाला, "काका, झाड तेवढं तुम्ही काढा, पाइप मी बसवून देतो." सेक्रेटरींनी विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला. पिंपळाला तेवढी मुदत पुरते.

वड, पिंपळ, उंबर ही एकाच घराण्यातली. आपण ज्याला फळ म्हणतो ती आत तोंड करून बसलेल्या इवल्या इवल्या फुलांची बंद खोली, टोकाला बारीकसं भोक. त्या त्या झाडाचं ठरलेलं चिमुकलं चिलट त्या भोकातून आत शिरतं, परागीभवन करतं, अंडी घालतं आणि बहुधा तिथेच मरतं. उंबर फोडून केंबरं काढू नयेत म्हणतात, ती केंबरं हीच मंडळी. नव्या पिढीतली मादी बाहेर पडली की तिच्या हाती जेमतेम एक-दोन दिवस. तेवढ्यात तिला त्याच जातीचं दुसरं झाड, तेही नेमकं तयारीत असलेलं, गाठायचं असतं. म्हणून ही झाडं आंब्यासारखी सगळी एकदम फळत नाहीत. भर पावसाळ्यात, इतर झाडांवर खायला काही नसताना, कुठला तरी वड लाल फळांनी लगडलेला सापडतो आणि त्यावर तांबट, कोकीळ, मैना, हरियाल यांची पंगत बसलेली असते. रात्रीची पाळी वटवाघळांची. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र पिंपळाची थोरवी एकच : तो रात्रीही प्राणवायू सोडतो. अंधारात कुठलंच झाड प्राणवायू सोडत नाही, पण हे फॅमिली ग्रुपवर कोण सांगणार?

देवपणाने झाड कुऱ्हाडीपासून वाचतं, भक्तांपासून नाही. वटपौर्णिमेला मंडईत वडाच्या फांद्यांचे ढीग लागतात, ते एक असो. पाराचं काय केलंय ते बघा. पूर्वी दगडमातीचा पार असे, पाणी मुरायचं. आता बुंध्याला चिकटून ग्रॅनाइट, स्टीलचं रेलिंग, खोडात खिळे ठोकून फिरवलेली एलईडीची माळ. मुळाशी काच तडकलेल्या देवांच्या तसबिरी, गेल्या वर्षीचं कॅलेंडर, तेलाने काळं पडलेलं खोड. दर शनिवारी तेल आहे, पाणी घालायला जागा नाही. दिल्लीत 2013 साली हरित लवादाने झाडांभोवतीचं मीटरभर काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. आपल्या पारावर तसं काही करायचं म्हटलं तर आधी भावना दुखावतील.

1975 च्या त्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे 50 वर्षांवरचं झाड 'हेरिटेज' ठरतं आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावावी लागतात. म्हणजे 80 वर्षांच्या वडाला 80 रोपं. हिशेब कागदावर चोख आहे. ती रोपं फळायला लागेपर्यंत तांबटाने कुठे जेवायचं, हा रकाना फॉर्मात नाही.

आमच्या कोपऱ्यावरच्या पारावरची पहिली फरशी काढायला मी दोघातिघांना तयार केलंय. अडचण एकच : त्या फरशीवर नगरसेवकांच्या सौजन्याची पाटी आहे, आणि तिला हात लावायला माणसं मुंजापेक्षा जास्त घाबरतात.