शिबिराच्या सोयीने नाला वाहत नाही

राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं विशेष शिबिर बहुतेक कॉलेजं डिसेंबर-जानेवारीत घेतात. परीक्षा उरकलेल्या असतात, हवा चांगली असते. दत्तक गावात गेलं की श्रमदानाला हमखास ठरलेलं काम म्हणजे वनराई बंधारा, म्हणजे माती-वाळूने भरलेल्या गोण्या रचून नाल्यात घातलेला तात्पुरता बांध, आणि गोम तिथेच आहे. हा बंधारा पाऊस थांबल्यावर, नाल्याला अजून धार असताना घालायचा असतो, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जानेवारीत मराठवाड्यातले कित्येक नाले ठणठणीत असतात. कोरड्या पात्रात रचलेल्या गोण्यांचा फोटो अहवालात तेवढा छान दिसतो.

सेवेतून नेतृत्व घडवायचं तर पहिला धडा इथला. वेळापत्रक गावाचं पाळायचं. शिबिराच्या दोन महिने आधी कार्यक्रम अधिकाऱ्यांनी, म्हणजे कॉलेजात ही योजना सांभाळणाऱ्या प्राध्यापकांनी, चार-पाच विद्यार्थ्यांना घेऊन गावात जावं. सरपंचांना भेटावंच, पण नाल्याकाठचे शेतकरी आणि बचत गटातल्या बायका यांना वगळू नये. ‘तुम्हाला काय हवंय?’ असं मोघम विचारलं की ‘देवळाला रंग द्या’ हे उत्तर ठरलेलं. त्यापेक्षा विचारा, पाणी कुठल्या महिन्यात आटतं, आधी बंधारा कुठे घातला होता, तो का टिकला नाही? धार जानेवारीपर्यंत टिकत नसेल तर शिबिर दिवाळीच्या सुट्टीत न्या, नाहीतर काम बदला. सांडपाण्याचे शोषखड्डे जानेवारीतही घेता येतात.

सहा मीटर रुंद नाल्यात मीटरभर उंचीच्या बंधाऱ्याला सिमेंटच्या साधारण 200 रिकाम्या गोण्या लागतात. फाटक्या निघतात, म्हणून वीस-पंचवीस जास्त ठेवाव्यात. गोणी दोन तृतीयांशच भरायची आणि तोंड सुतळीने शिवायचं. गच्च भरलेली गोणी गोल होते, बसत नाही, फटींतून पाणी निघून जातं. तळाची सुटी वाळू आणि दगड काढून घट्ट थर लागेपर्यंत खाली जायचं. हे किचकट काम सगळे टाळतात आणि मग पाणी बंधाऱ्याखालून वाहत राहतं. गोण्या विटांसारख्या सांधे चुकवून रचायच्या, पाया दीड मीटर, माथा अर्धा मीटर. दोन ओळींच्या मध्ये चिकण माती धुमसायची. मधला भाग काठांपेक्षा वीतभर खाली ठेवायचा, नाहीतर जादा पाणी काठ पोखरतं.

आता माणसांचं. पन्नास स्वयंसेवकांचे दहाचे पाच गट करावेत आणि प्रत्येक गटात मुलं-मुली दोन्ही असावीत. तसं न केल्यास दुसऱ्या दिवसापर्यंत मुली चुलीपाशी आणि मुलं कुदळीवर, अशी वाटणी आपोआप होते. गटप्रमुख म्हणून वक्तृत्व गाजवणाराच पुढे येतो. त्याला समारोपाचं सूत्रसंचालन द्या. गटप्रमुखाचं काम वेगळं असतं. सकाळी अवजारं मोजून द्यायची (दहा जणांना तीन फावडी, दोन कुदळी, पाच घमेली आणि एक पहार पुरते), संध्याकाळी मोजून घ्यायची, तळाच्या खोदाईला स्वतः आधी उतरायचं. दर दोन दिवसांनी प्रमुख बदलावा. रोज बदलला तर अवजारांचा हिशेबही लागत नाही.

पंगतीत गटप्रमुख वाढतो आणि शेवटी बसतो. याला व्यवहारी कारण आहे: वरण कमी पडलं की पातेल्याचा तळ त्यालाच दिसतो आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून कोठीत जातो. पंचावन्न माणसांना एका वेळेला साडेपाच किलो तांदूळ आणि पावणेतीन किलो तूरडाळ लागते. श्रमदानाच्या दिवशी त्यात किलोभर तांदूळ वाढवावा. गाडगेबाबा गावात शिरल्यावर आधी खराटा हातात घेत, कीर्तन रात्री. शिबिराच्या दिनक्रमात मात्र पाहुण्यांचं बौद्धिक लांबतं आणि कात्री श्रमदानाला लागते.

रात्री सांस्कृतिक कार्यक्रमाआधी वीस मिनिटं आढावा घ्या. काय अडलं, कोण दमलं, उद्या काय हवं, एवढंच विचारायचं. प्रमुखाने सर्वांत शेवटी बोलायचं. तो आधी बोलला की बाकीचे नुसते माना डोलावतात.

निघण्याआधी बंधाऱ्याची देखभाल कोण करणार, ते ग्रामपंचायतीशी बोलून नावानिशी लिहून घ्यावं. आणि मे महिन्याची तारीख तेव्हाच ठरवावी. पावसाळ्यात हा बंधारा वाहून जातो, प्लास्टिकच्या गोण्या खालच्या शेतांत अडकतात. त्या आधीच रिकाम्या करून उचलायला आठ-दहा जण पुरतात. त्या दिवशी ना फ्लेक्स असतो ना पाहुणे. पुढच्या वर्षीचे गटप्रमुख त्यांतूनच निवडावेत.