नडगीतलं शिसं मोजून घेतलं

बॅटरीच्या कारखान्यात शिशाच्या जाळ्या ओतायच्या विभागात मी सोळा वर्षं होते. ते काम सोडून सात वर्षं झाली. रक्तातलं शिसं ६ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर उतरलं तेव्हा सगळे म्हणाले, सुटलीस! मला ते पटेना. रक्तातल्या शिशाचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायचा काळ, महिनाभराचा, त्या आकड्यात माझी सोळा वर्षं कुठून दिसणार? मोठ्या माणसाच्या शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत साठतं, आणि पाळी गेल्यावर हाडं झिजू लागली की ते पुन्हा रक्तात उतरतं. माझी पाळी नुकतीच थांबली होती. म्हणून एक्स-रे फ्लुरोसन्सने हाडच मोजून घ्यायचं ठरवलं.

सुई नाही, चिरफाड नाही. कातडीवरचं शिसं मोजणीत येऊ नये म्हणून नडगी स्पिरिटच्या बोळ्याने दोनदा पुसली आणि पाय पट्ट्याने बांधला. समोर दोन बोटांच्या अंतरावर किरण टिपणारा डिटेक्टर, त्याच्या मागे द्रव नायट्रोजनचं पिंप. डिटेक्टरच्या तोंडाशी कॅडमियम-१०९ हा किरणोत्सारी पदार्थ. त्याच्या ८८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमा किरणांत शिशाच्या अणूतला सगळ्यात आतला इलेक्ट्रॉन उडवण्यापुरतीच ताकद असते. ती रिकामी जागा भरताना अणू शिशाचाच म्हणून ओळखता येणारा एक्स-रे सोडतो. रेडिएशनची धास्ती मलाही होती, पण हा डोस छातीच्या एक्स-रेपेक्षा बराच कमी असतो.

अर्धा तास नडगी, मग अर्धा तास गुडघ्याची वाटी. नडगीच्या घट्ट हाडात शिसं दशकं काढतं, वाटीच्या सच्छिद्र हाडातून लवकर सुटतं. मध्येच पायाला मुंग्या आल्या आणि तो हलला. मला वाटलं, सगळं वाया गेलं.

"घाबरू नका ताई," तंत्रज्ञ बाई म्हणाल्या. "हाडाच्या खनिजावरून परतलेल्या किरणांशी शिशाचे किरण ताडून बघतो आपण. पाय जरा सरकला तर दोन्ही सारखेच कमीजास्त होतात."

स्क्रीनवर उजवीकडे त्या परतलेल्या किरणांचा उंच सुळका होता, आणि ७५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास शिशाचा बारीकसा उंचवटा. त्याच्यावरून माझी नजर हटेना.

नडगी २७ ± ४, वाटी ४१ ± ६. खनिजाच्या दर ग्रॅममागे इतके मायक्रोग्रॅम. डॉक्टरांनी आधी ते ± समजावलं: मोजणीत तेवढं कमीजास्त होऊ शकतं. शिसं अगदी कमी असेल तर उत्तर उणेही येतं, ती यंत्राची चूक नसते. माझ्या आकड्यांत तशी शंकेला जागाच नव्हती. आता हाडांची घनता तपासायची आहे, आणि रक्ताची तपासणी वर्षाऐवजी दर तीन महिन्यांनी. आकडा चढलाच तर शिसं कुठून येतंय हे शोधत बसावं लागणार नाही.