दुधाच्या टेम्पोतलं नेटवर्क

शाळेत इंटरनेट आलं की शिक्षण सुधारतं, असं दरेक प्रशिक्षणात कुणीतरी सांगतंच. ते ऐकलं की मला वारणा आठवतं.

माझं माहेर वारणाकाठचं. 1998 साली तिथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला आणि देशभर गाजला. कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतली 70 गावं, गावोगाव कॉम्प्युटर केंद्र. पैसा केंद्र सरकारचा, राज्याचा आणि थोडा वारणेच्या सहकारी संस्थांचा. कागदावर शेती होती, आरोग्य होतं, शिक्षणही होतं. चाललं ते उसाचं. नोंद कधीची, तोड कधी, टनेज किती, बिल किती निघालं, खत किती मिळणार. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी काही गावांत कॉम्प्युटरच्या जागी एसएमएस लावून पाहिले, तर तेच काम मोबाइलवर स्वस्तात झालं.

लोक याला अपयश म्हणतात. मला तसं वाटत नाही. शेतकरी, चिटबॉय (गावात उसाच्या नोंदी घेणारा कारखान्याचा माणूस), कारखाना ही साखळी तारा यायच्या आधीपासून जुळलेली होती. तारांनी तिचा वेग वाढवला, इतकंच. शिक्षकांची साखळी कुठे होती? आमची साखळी उभी. शाळा, केंद्र, बीट, तालुका, जिल्हा. पलीकडच्या वाडीवरच्या शाळेत अपूर्णांक कसे शिकवतात, हे मला कळायचं तर महिन्याच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी.

अमेरिकेतल्या मोंटानात वारणेच्या बरोब्बर उलट झालं: शिक्षकांची साखळी आधी नव्हती, ती तारेनेच जुळली. तिथे डोंगर-कुरणांत एकशिक्षकी शाळा पुष्कळ. पहिली ते आठवीची पोरं एका खोलीत, एकच बाई, आणि दुसरा शिक्षक कितीतरी मैलांवर. 1988 मध्ये डिलन गावच्या कॉलेजातले फ्रँक ओडॅझ यांनी ‘बिग स्काय टेलिग्राफ’ सुरू केलं. साधी फोनची लाइन, ती कॉम्प्युटरला जोडणारा मोडेम आणि पडद्यावर नुसती अक्षरं. चित्र नाही, व्हिडिओ नाही. पण बाया एकमेकींना पाठ पाठवू लागल्या, अडलेलं विचारू लागल्या. मोडेम कसा वापरायचा याचा कोर्ससुद्धा त्याच लाइनवरून. पुढे एमआयटीतल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने त्या लाइनवरून तिथल्या हायस्कूलच्या मुलांना केऑस थिअरी शिकवली. लोकांना हीच गोष्ट फार आवडते. मला मात्र त्या बायांचं आपसातलं विचारणं जास्त मोलाचं वाटतं.

आमची शाळा शाहूवाडीच्या वरच्या अंगाला. चार वर्ग, दोन शिक्षक. भारतनेटची, म्हणजे सरकारच्या गावोगाव इंटरनेट योजनेची, फायबर ग्रामपंचायतीपर्यंत, आणि ग्रामपंचायत खाली. रेंज मिळते ती टाकीजवळच्या दगडावर, तीही पाऊस नसेल तर. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले, आमच्याच राज्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना 2020 मध्ये शिक्षकांचं जागतिक पारितोषिक मिळालं, अभिमान वाटला. पण आमच्या वर्गात कोड स्कॅन केला की पडद्यावर गोल फिरत राहायचा आणि पोरंही त्याच्याबरोबर मान फिरवायची.

मग आम्ही ‘डबा’ केला. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर, मेमरी कार्ड, आणि त्याचं स्वतःचं वायफाय. इंटरनेट लागत नाही. वर्गातले टॅब आणि जुने मोबाइल थेट त्यालाच जोडायचे. पाच व्होल्टवर चालतो, त्यामुळे लाइट गेली तरी पॉवर बँकेवर दिवस निघतो. कार्डात मराठी विकिपीडिया, स्टोरीवीव्हरच्या गोष्टी, बालभारतीच्या पीडीएफ, इंटरनेटशिवाय चालणारं कोलिब्री हे धडे-व्हिडिओंचं ॲप आणि फेटची मराठीतली सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर हाताळून बघायचे गणित-विज्ञानाचे प्रयोग. खर्च यात्रेच्या उरलेल्या वर्गणीतून. आमच्या केंद्रातल्या पाच शाळांनी असे डबे केले.

एवढ्यावर थांबलो असतो तर पाच शाळांत पाच लायब्ऱ्या झाल्या असत्या. नेटवर्क झालं ते दुधाच्या टेम्पोमुळे. टेम्पो रोज सकाळी वाडी-वाडीवरून दूध गोळा करत जातो. टेम्पोवाल्या दादांच्या डॅशबोर्डवर, औषधाच्या प्लॅस्टिकच्या डबीत एक पेनड्राइव्ह असतो. त्यात ‘अडलंय’ नावाची फाइल. जिला जे अडलं ते तिने लिहायचं, जिला येतं तिने उत्तर द्यायचं, आणि डबी पुढच्या वाडीला. दादा कधी सुट्टीवर गेले की नेटवर्क डाउन.

मागे एका गुरुजींनी लिहिलं, ‘चौथीची पोरं एक चतुर्थांश हा एक तृतीयांशपेक्षा मोठा म्हणतात. चार मोठे ना तीनपेक्षा! फेटमध्ये वर्तुळं दाखवली, मान डोलावतात, वहीत परत तेच.’ दोन शाळा पुढे एका बाईंनी उत्तर लिहिलं: स्क्रीन आधी दाखवू नका. सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या द्या, एक तिघांत वाटायला लावा, एक चौघांत, आणि वाटा घेतल्यावर भांडू द्या. मी करून पाहिलं. चौघांतला एकजण उठलाच, “बाई, आमच्यात वाटेकरी जास्त, मला बारकाच तुकडा आला!” त्यानंतर फेट उघडलं, तेव्हा पोरं स्वतः भाग पाडायला लागली. त्या सिम्युलेशनमध्ये काही कमी नव्हतं. कधी उघडायचं, ते मात्र शेजारच्या वाडीवरून कळलं.

माहिती भरायला वरच्या ऑफिसातून येणाऱ्या लिंक्सबद्दल बोलू नये, पण बोलते. आजवर मी भरलेल्या एकाही लिंकमधून ‘तुम्हाला काय अडतंय’ असा प्रश्न आलेला नाही. पट, आधार, फोटो, किती उपस्थित. ती माहिती लागते हे मान्य. पण तिला शैक्षणिक सुधारणा म्हणू नका.

आमच्यातही एकमत नाही. एका शाळेतल्या सरांचं म्हणणं, डबा म्हणजे पोरांना व्हिडिओ लावून बाईंनी रजिस्टर लिहायची सोय. त्यात तथ्य आहे. परीक्षेच्या दिवसांत मीही तेच करते. म्हणून आता कार्डातले निम्मे व्हिडिओ काढायचे ठरलंय. कोणते काढायचे यावर फाइलमध्ये सध्या जोरदार जुंपली आहे. टेम्पो उद्या सकाळी येईल तेव्हा माझी यादी जाईल, आणि त्यावर शिव्या येतील हे मला आत्ताच माहीत आहे.