केळीच्या ट्रकपासून ऑटोक्रॉसपर्यंत : आमची वाटचाल

जळगावात महामार्गालगत वडिलांनी पत्र्याच्या शेडमध्ये टायरचं दुकान टाकलं, तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे केळीचे ट्रक. रावेर-सावद्याहून माल भरून निघालेली गाडी रातोरात पुढे काढायची घाई, त्यात खानदेशचा उन्हाळा. वडिलांचा नियम एकच : हवा पहाटे, थंड टायरमध्येच मोजायची. पुढे दुकान माझ्याकडे आलं. अलाइनमेंटचं मशीन घेतलं, शॉकअपची कामं सुरू केली, पण तो नियम मोडला नाही.

ऑटोक्रॉस आमच्याकडे आलं ते पारोळ्याच्या एका तरुणामुळे. त्याला नाशिकला स्विफ्ट पळवायची होती. मुरमाच्या मैदानात रस्त्यावर ठेवतात तसले शंकू लावून आखलेला वळणावळणाचा मार्ग, एका वेळी एक गाडी, आणि घड्याळाशी शर्यत. मला वाटलं, टायर टणक तितकी गाडी चपळ. मी चारही चाकांत ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा मारली. पहिल्याच सरावाला तो परत आला : "गाडी वयतच नही दादा, सरयच जाई राहिनी." स्टिअरिंग पूर्ण फिरवूनही पुढची चाकं मुरमावरून घसरत होती. चूक माझी होती.

मग आवारातल्या काँक्रीटवर बसलो. टायरच्या कडेला खडूने आडव्या रेघा मारल्या आणि गाडी जोरात वळवून आणायला सांगितली. ४० ला रेघ कडेपर्यंत तशीच, म्हणजे टायरची कड जमिनीला लागतच नव्हती. हवा दोन-दोन पीएसआय कमी करत गेलो. खडू टायरच्या खांद्यापर्यंत, म्हणजे जमिनीला टेकणारा भाग संपतो त्या कडेपर्यंत पुसला की थांबायचं. त्याखाली साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या उभ्या बाजूवरही पुसला गेला, तर हवा फार कमी. मुरमावर खडू टिकत नाही, तिथे ड्रायव्हरचं बोलणं आणि घड्याळ यांवरच चालावं लागतं. शिवाय तिथे हवा फार उतरवली, तर खड्ड्यात आपटून रिम वाकते किंवा टायर रिमवरून सुटतो.

उन्हाचा हिशेब इथे सोडून चालत नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की तीसच्या आसपासची हवा साधारण दीड पीएसआय चढते. पहाटे २२ अंशांत भरलेली ३०, दुपारी ४२ अंशांत टायर नुसते सावलीत असले तरी ३३ दाखवते. उन्हाकडच्या बाजूचे टायर तर आणखी तापतात, म्हणून तिकडे आम्ही गोणपाट टांगतो. फेरी संपली की लगेच मोजून जादाची हवा सोडतो.

हवेचं गणित जमल्यावरच सस्पेन्शनला, म्हणजे स्प्रिंग-शॉकअपच्या जोडणीला हात. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वळणात बाहेर ओढत असेल, तर आधी मागची हवा दोन-तीन पीएसआय वाढवून बघतो. मागची पकड थोडी सुटते आणि गाडी वळायला लागते. पुढे किंचित टो-आउट दिला, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं जराशी बाहेर वळवली की स्टिअरिंगला गाडी लवकर उत्तर देते, मात्र रोजच्या रस्त्यावर टायर झिजतात, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. मुरमावर शॉकअप फार कडक नको, चाक उडालं की पकड गेलीच.

स्प्रिंग कापून गाडी खाली बसवून द्या म्हणणारे पुष्कळ येतात. ते काम आम्ही करत नाही. कापलेली स्प्रिंग नीट बसत नाही, चाकाची खालीवर चाल कमी होते आणि शॉकअप आपटून फुटतो. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

एक वही ठेवली आहे. गाडी, जागा, तापमान, थंड हवा, गरम हवा, फेरीची वेळ. आणि एका फेरीला एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही, हे त्या पारोळ्याच्या पोरानेच मला शिकवलं. आता तो स्वतःचा गेज घेऊन येतो आणि माझ्या गेजशी ताडून बघतो.

दुकानाचं पोट आजही केळीच्या ट्रकांवरच चालतं. ऑटोक्रॉसवाले वर्षाला मोजकेच. त्यांना एवढंच सांगणं : गाडी आदल्या रात्री आणून लावा, हवा पहाटे मोजू.