लिनक्सवर अँटीव्हायरस बसवताना गेलेले माझे तीन दिवस

ज्या एका ओळीनं माझे तीन दिवस खाल्ले ती आधीच लिहून टाकतो: ‘फ्रेशक्लॅम डॉट लॉग इज लॉक्ड बाय अनदर प्रोसेस’, म्हणजे अँटीव्हायरसची नोंदींची फाईल दुसऱ्याच प्रोग्रॅमनं धरून ठेवली आहे. ही ओळ दिसली तर काही पुसू नका, काही परत बसवू नका. उठा, चहा घ्या. मी घेतला नाही, म्हणून हे लिहायची वेळ आली.

खानदेशातल्या चोपड्याला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. तीन कॉम्प्युटर, तिघांवर विंडोजऐवजी लिनक्स, तेही तीन वेगळ्या प्रकारांचं (त्यांना डिस्ट्रो म्हणतात). काउंटरवर उबंटू, आतल्या टेबलावर फेडोरा आणि कोपऱ्यात २ जीबी रॅमचं जुनाट डेबियन. सातबारा, केळीच्या पीकविम्याचे कागद, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, सगळं पेनड्राईव्हवरून येतं. लिनक्सला व्हायरस लागत नाही असं मी छाती फुगवून सांगायचो. मग एक जुनं गिऱ्हाईक तावातावानं आलं, “तुमच्याकडून पेनड्राईव्ह नेला आणि आमच्याकडच्या सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झाले!” गंमत म्हणजे तोच पेनड्राईव्ह माझ्याकडे लावला तर खरे फोल्डरही दिसत होते आणि त्यांच्या शेजारी त्याच नावाचे शॉर्टकटही. विंडोजवर लपवलेलं लिनक्स उघडं दाखवतं. पण रोग मला झाला नाही तरी माझ्या दुकानातून पुढे जाऊ शकतो, हे तेव्हा डोक्यात शिरलं. क्लॅमएव्ही नावाचा अँटीव्हायरस बसवायचं ठरलं. फुकट आहे, उघड्या सोर्सचं आहे आणि तिन्ही डिस्ट्रोंवर मिळतं.

उबंटूवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल क्लॅमएव्ही क्लॅमएव्ही-डीमन’, दोन मिनिटांत झालं. कुठंतरी वाचलं होतं की आता व्हायरसची यादी उतरवायला ‘सुडो फ्रेशक्लॅम’ चालवा. चालवलं. वर लिहिलेली ओळ आली.

मे महिना, पारा ४४ वर, कूलर नुसती गरम हवा फेकतोय आणि समोर ‘लॉक्ड’. मी लॉगची फाईल पुसली. परत तेच. परवानग्या बदलल्या. तेच. मग सगळं काढलं, यादीचं फोल्डर हातानं रिकामं केलं, पुन्हा बसवलं, आणि पुन्हा लॉक्ड. असं सहा वेळा केलं. मधे एकदा लाईट गेली, तेव्हा मला बरंच वाटलं. संध्याकाळी मोबाईलच्या हॉटस्पॉटचा डेटा संपल्याचा मेसेज आला. मी तर काहीच उतरवलं नव्हतं, मग डेटा गेला कुठं? मोबाईल कंपनीला चार शिव्या घातल्या आणि दुकान बंद केलं.

दुसऱ्या दिवशी नवा पॅक मारून परत तोच खेळ. या वेळी लॉगमध्ये नवीन मजकूर दिसला: चूक क्रमांक ४२९, तुम्ही ‘कूल-डाऊन’वर आहात, अमुक वेळेनंतर या. म्हणजे आता मशीनच मला गार व्हायला सांगत होतं.

शेवटी पुण्यातल्या भाच्याला फोन केला. सगळं ऐकून तो हसला, “मामा, तो मांगे चालूच शे ना!” उबंटू आणि डेबियनवर पॅकेज बसलं की ‘क्लॅमएव्ही-फ्रेशक्लॅम’ नावाची सेवा आपोआप सुरू होते आणि मागच्या मागे यादी उतरवायला लागते. लॉग तिनंच धरून ठेवलेला असतो. म्हणजे मी दर वेळी फोल्डर रिकामं करत होतो, ती बिचारी दर वेळी दोनशे एमबीच्या वरची यादी नव्यानं ओढत होती, आणि मी अर्ध्यात तिचा गळा धरत होतो. इतक्या वेळा मागितल्यावर पलीकडच्या सर्व्हरनं दार लावलं, यात त्याची काय चूक?

हातानंच चालवायचं असेल तर आधी ‘सुडो सिस्टिमसीटीएल स्टॉप क्लॅमएव्ही-फ्रेशक्लॅम’, मग ‘सुडो फ्रेशक्लॅम’, मग ‘स्टार्ट’. खरं तर त्याचीही गरज नव्हती. नुसतं बसून राहिलो असतो तरी झालं असतं. कूल-डाऊन संपेपर्यंत मात्र बसावंच लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर यादी गुपचूप येऊन पडलेली.

फेडोरावर उलटं. तिथं सेवा आपण सुरू केल्याशिवाय हलत नाही. शहाणा झालो होतो, म्हणून यादी परत उतरवली नाही. उबंटूच्या ‘व्हार-लिब-क्लॅमएव्ही’ फोल्डरमधल्या सीव्हीडी फाईली (यादी यांच्यातच असते) उचलून तिकडे टाकल्या. दोन गोष्टी ध्यानात ठेवा: डेबियन-उबंटूवर त्या फाईलींचा मालक ‘क्लॅमएव्ही’ असतो, फेडोरावर ‘क्लॅमअपडेट’, आणि फेडोरात एसईलिनक्स नावाचा सुरक्षेचा पहारेकरी असल्यामुळे कॉपी झाल्यावर फाईलींवरची त्याची खूण नीट करायला ‘रिस्टोअरकॉन’ फिरवावं.

डेबियनचं म्हातारं मशीन डीमन (मागे सतत चालू राहणारा प्रोग्रॅम) चालू केला की गुदमरायचं. यादी रॅममध्ये बसते आणि एक जीबीच्या वर खाते. डीमन काढून टाकला, गरजेपुरतं ‘क्लॅमस्कॅन’ ठेवलं, जे डीमनशिवाय तपासतं. तेही चालताना तितकीच रॅम मागतं, म्हणून ब्राउझर बंद करून मगच लावतो.

हे वर सांगायचं राहिलं. डीमनवाल्या ‘क्लॅमडीस्कॅन’नं पेनड्राईव्ह तपासायला गेलो तर ‘परमिशन डिनाइड’. डीमन वेगळ्या युजरनं चालतो, त्याला आपला पेनड्राईव्ह वाचता येत नाही. सोबत ‘--एफडीपास’ लावलं की काम होतं. आणि ‘--रिमूव्ह’ कधीही लावू नका, चुकून गिऱ्हाइकाची चांगली फाईल उडाली तर उत्तर काय देणार? ‘--मूव्ह’ लावून वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा.

सगळं चालतंय का हे बघायला आयकारची ६८ अक्षरांची चाचणी फाईल असते, प्रत्यक्षात निरुपद्रवी. ती ठेवून तपासलं आणि ‘फाउंड’ ही अक्षरं दिसली. दहावी पास झाल्यावरही इतका आनंद झाला नव्हता.

परवा तेच जुनं गिऱ्हाईक आलं. पेनड्राईव्ह लावला, त्याच्या समोरच तपासला. ‘फाउंड’च्या चार ओळी आल्या. तो पेनड्राईव्ह आठवडाभर त्याच्याच खिशात होता. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “मंग हाऊ आमनाच शे?”

मी प्रिंटचे दहा रुपये मागितले.